नगराच्या चौकांत खेळणारीं मुलें

शास्त्रपाठ : जखऱ्या ८:४, ५, मार्क २:१-१२, २ शमुवेल ९.



सायंकाळीं गुरें परत आलीं, चुली पेटल्या, म्हणजे आपल्या कोणत्याही गांवांत मुलांचा खेळ सुरू होतो. शाळेपुढील मोकळ्या जागेंत काडीनें धुळींत एक चौकोन आंखला जातो, आणि एक मुलगा एक पाय वर धरून, दुसऱ्या पायावर उड्या मारीत, इतरांस शिवावयास निघतो. ह्या खेळास आपण लंगडी म्हणतों. त्याच वेळीं जवळच्या ओट्यावर एक मूल बसलेलें असतें. त्याच्या पायांत जन्मापासून जोर नाहीं. खेळणाऱ्यांच्या वहाणा त्याच्यापाशीं ठेवलेल्या असतात. कोण बाद झाला हें तें मोठ्यानें ओरडून सांगतें, आणि अंधार पडला म्हणजे कोणी तरी त्याला उचलून घरांत नेतें. ज्यांचे दोन्ही पाय धड आहेत तीं मुलें घटकाभर लंगडीं होऊन हंसतात. जें खरोखर लंगडें आहे त्याला मात्र लंगडींत जागा नाहीं.

हें मूल उपाशी नाहीं. आई त्याला भाकर देते, बाप अंगावर कपडा घालतो, पाळक घरीं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करितो. मग त्याला उणें तें काय? वाचकहो, आज आपल्याला ह्याच एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पहिला शास्त्रपाठ पाहा. बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेले लोक यरुशलेमांत राहत होते. इ. स. पू. ५१८ च्या सुमाराचा हा काळ. नगराचा कोट पडलेला, मंदिर अर्धें बांधलेलें, लोक थोडे व भ्यालेले. अशा वेळीं परमेश्वर जखऱ्या संदेष्ट्याच्या द्वारें त्यांस पुढील दिवसांचें एक चित्र दाखवितो. त्या चित्रांत सैन्य नाहीं, सोन्याची रास नाहीं. तेथें नगराचे चौक आहेत. त्या चौकांत वृद्ध स्त्रीपुरुष बसले आहेत, आणि वयामुळें प्रत्येकाच्या हातांत काठी आहे. त्याच चौकांत मुलगे व मुली भरून राहिल्या आहेत, आणि तीं सर्व खेळत आहेत. देवानें आपल्या नगरावर कृपा केली ह्याची खूण म्हणून त्यानें मुलांचा खेळ निवडला, ही गोष्ट आपण फार वेळां वाचतों, पण तिच्यापाशीं थांबत नाहीं. आणखी हेंही पाहा कीं, ज्यांस चालावयास आधार लागतो तीं माणसें आणि ज्यांचे पाय क्षणभर ठरत नाहींत तीं मुलें एकाच चौकांत आहेत. काठी घराच्या कोपऱ्यांत लपविलेली नाहीं. ती उजेडांत, सर्वांच्या मध्यें आहे.

तेव्हां खेळ ही पोट भरल्यानंतरची चैन नव्हे. मूल खेळांतच दुसऱ्याचा मित्र होतें, हरावयास शिकतें, पाळी सोडावयास शिकतें, आणि आपलें नांव दुसऱ्याच्या तोंडून ऐकतें. ज्या मुलाला कोणीही खेळांत घेतलें नाहीं त्याला आपण अन्न दिलें, वस्त्र दिलें, पण सोबती दिले नाहींत.

दुसऱ्या शास्त्रपाठांत चौघे जण एका पक्षाघाती मनुष्यास खाटेवर घालून प्रभु येशूकडे आणितात. दारांत गर्दी होती. तेव्हां ते घरावर चढले, आणि छप्पर उकरून त्यांनीं खाट खालीं सोडिली. आपल्याकडील धाब्याच्या घराप्रमाणें तें मातीचें सपाट छप्पर असावें. त्या चौघांचीं नांवें शास्त्रांत नाहींत, धंदा सांगितलेला नाहीं. पण येशूनें त्यांचा विश्वास पाहिला असें मार्क लिहितो. एकट्याला ती खाट उचलली नसती. चौघांनीं एकेक कोपरा धरिला म्हणून ती उचलली गेली.

हें वाचतांना अमेरिकेंतील शिकागो शहरांतल्या दुसऱ्या चौघांची आठवण येते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं पॉल हॅरिस नांवाचा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाणकामाचा इंजिनियर आणि एक शिवणकामाचा व्यापारी असे चौघे एका कचेरींत जमले. पुढें हे मित्र आळीपाळीनें एकमेकांच्या कचेरींत भेटूं लागले, आणि ह्या आळीपाळीवरून त्यांच्या मंडळास रोटरी हें नांव पडलें. आरंभीं ओळखी वाढाव्या, एकमेकांच्या धंद्यास हातभार लागावा, हाही हेतु त्यांत होता. ती कांहीं देवदूतांची सभा नव्हती. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, दर आठवड्यास जमणाऱ्या माणसांस बाहेरचें कांहीं काम नसेल तर त्यांचें जमणें वांझ राहतें. १९०७ सालीं त्यांनीं शहरांत सार्वजनिक शौचगृहें व्हावींत म्हणून खटपट केली. १९१५ सालीं डेट्रॉइट येथें किवानिस मंडळ निघालें, आणि १९१७ सालीं मेल्व्हिन जोन्स ह्या विम्याच्या व्यावसायिकाच्या पुढाकारानें लायन्स मंडळ निघालें. रोटरी १९१९ सालीं कलकत्त्यास व १९२९ सालीं मुंबईस आली. लायन्स १९५६ सालीं मुंबईस आली. आज आपल्या पुष्कळ तालुक्यांच्या गांवीं ह्या मंडळांची पाटी दिसते.

अशा मंडळांनीं अपंग मुलांचें काम कसें हातीं घेतलें, त्याची हकीकत दुःखांतून निघालेली आहे. ओहायो प्रांतांतील इलिरिया गांवीं एडगर ॲलन नांवाचा एक व्यापारी राहत असे. १९०७ सालच्या मे महिन्यांत तेथें ट्रामगाडीचा भयंकर अपघात झाला, आणि त्याचा तरुण मुलगा होमर मरण पावला. जवळपास चांगलें इस्पितळ असतें तर कित्येक जखमी वांचले असते, ही गोष्ट बापाच्या मनास लागून राहिली. त्यानें आपला व्यापार सोडिला, पैसा गोळा केला, आणि पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, गांवांत इस्पितळ उघडलें. तेथें काम करितांना त्याला एक गोष्ट कळली. ज्यांचे हातपाय वांकडे आहेत अशीं मुलें पुष्कळ होतीं, पण तीं रस्त्यावर दिसत नसत. घरचीं माणसें त्यांना लोकांच्या दृष्टीआड ठेवीत. १९१५ सालीं त्याच गांवीं अशा मुलांसाठीं वेगळें इस्पितळ झालें. पण ॲलननें जाणलें कीं एका माणसाच्या हातून हें ओझें उचलणार नाहीं. तो रोटरीच्या मंडळांपुढें गेला, आणि गांवोगांवच्या व्यापाऱ्यांस व वकिलांस त्यानें त्या मुलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या साहाय्यानें १९१९ सालीं ओहायोमध्यें अपंग मुलांसाठीं एक संस्था स्थापन झाली, आणि लवकरच ती सर्व देशांत पसरली. १९३४ सालीं ह्या संस्थेनें ईस्टरच्या दिवसांत पत्रांच्या पाकिटांवर चिकटवावयाचे लहान शिक्के विकून पैसा उभा केला, आणि पुढें त्यावरूनच तिला ईस्टर सील्स हें नांव मिळालें. पुनरुत्थानाच्या सणाचें नांव ह्या मुलांच्या कामास लागलें, हें आम्हां ख्रिस्ती जनांस विसरतां येणार नाहीं.

बंधूंनो, पुत्र गेला म्हणून बापानें दार लावून घेतलें असतें तर त्याला कोणीं दोष दिला नसता. पण त्यानें आपलें दार दुसऱ्यांच्या मुलांसाठीं उघडलें; आणि एकट्यानें काम होत नाहीं हें कळतांच तो गर्व न धरितां चार लोकांकडे गेला. आपल्यापैकीं कित्येक चांगलीं कामें करितात, पण खाटेचा दुसरा कोपरा कोणाच्या हातीं देत नाहींत. मग ते थकतात, आणि खाट दाराबाहेरच राहते.

अशीच हाक आंधळ्यांच्या वतीनें लायन्स मंडळासही आली. हेलेन केलर ही बाई दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हां आजारामुळें तिची दृष्टि व श्रवणशक्ति दोन्ही गेलीं. ३० जून १९२५ रोजीं ओहायोंतील सीडर पॉइंट येथें लायन्स लोकांच्या परिषदेंत ती उभी राहिली, आणि आंधळ्यांचें काम आपलें म्हणून पतकरा अशी तिनें त्यांस विनंति केली. त्यांनीं तें पतकरिलें. १९३० सालीं पिओरिया गांवच्या लायन्स मंडळाच्या एका सभासदानें एक आंधळा मनुष्य रस्ता ओलांडतांना घाबरला आहे, त्याची काळी काठी गाडीवाल्यांस दिसत नाहीं, असें पाहिलें. आणि ती काठी पांढरी रंगवून तिला तांबडा पट्टा द्यावा अशी युक्ति त्याला सुचली. तेथून तेथील लायन्स लोकांनीं पांढऱ्या काठीचा प्रसार केला. एका डबीभर रंगाचें हें काम! पण त्यासाठीं प्रथम थांबून पाहणारा मनुष्य लागला.

इस्पितळ झालें, काठी मिळाली; परंतु खेळ? पुष्कळ काळ शहाणे लोकही म्हणत कीं, अशा मुलांचा जीव वांचला, तेवढें पुरे. हा विचार बदलण्यास इंग्लंडांतील एका डॉक्टरानें मोठें साहाय्य केलें. लुडविग गुटमन हा यहूदी वैद्य १९३९ सालीं हिटलरच्या जर्मनींतून पळून इंग्लंडास आला. स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळांत पाठीचा कणा मोडलेले सैनिक त्याच्या हवालीं केले होते. औषधासारखाच खेळही पाहिजे असें त्याचें मत होतें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडन शहरांत ऑलिंपिक खेळ सुरू झाले त्याच दिवशीं, त्यानें आपल्या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्च्यांतील १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. त्या १६ जणांत दोन स्त्रिया होत्या. त्या हिरवळीवरून जी वाट निघाली ती १९६० सालीं रोम शहरांतील अपंगांच्या जागतिक क्रीडामहोत्सवापर्यंत पोंचली.

त्याच वाटेनें आपल्या महाराष्ट्राचा एक पुत्र चालला. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर येथील. सैन्यांत असतांना १९६५ सालच्या युद्धांत गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालील शक्ति गेली. तेव्हां उपचार म्हणून ते पोहूं लागले. १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविलें. अपंगांच्या जागतिक स्पर्धेंत भारतास मिळालेलें हें पहिलें सुवर्णपदक. तेथें जाण्यासाठीं त्यांना प्रसिद्ध क्रिकेटपटु विजय मर्चंट ह्यांच्याकडून साहाय्य झालें होतें. पोहणाराचे हात पेटकरांचे होते. पण खाटेचा एक कोपरा तेथेंही दुसऱ्यानें धरिला होता.

ज्यांची बुद्धि हळू वाढते अशा मुलांची गोष्ट तर आणखी कठीण. अमेरिकेंत युनिस केनेडी श्रायव्हर ह्या बाईची थोरली बहीण तशी होती. १९६२ सालीं ह्या बाईनें आपल्या घराच्या आवारांत अशा मुलांसाठीं उन्हाळी खेळांचें शिबिर भरविलें, आणि धडधाकट तरुणांस त्यांचे सोबती म्हणून बोलाविलें. १९६८ सालच्या जुलै महिन्यांत शिकागो शहरांत सुमारें १,००० खेळाडूंची पहिली स्पेशल ऑलिंपिक स्पर्धा झाली. आज ह्या खेळांत एक चांगली रीति आहे. कांहीं संघांत बुद्धीनें मंद व बुद्धीनें धड अशीं मुलें एकाच बाजूनें, एकाच रंगाचा सदरा घालून खेळतात. लायन्स मंडळ २००१ सालापासून ह्या खेळाडूंचे डोळे तपासून त्यांस चष्मे देण्याचें काम करितें. कित्येकांस नीट दिसत नव्हतें, आणि तरी वर्षानुवर्षें लोक म्हणत होते कीं ह्यांना समजत नाहीं. आपल्या शाळेंतील शेवटच्या बांकावरचें मूल येथें कोणास आठवलें काय?

आतां आपल्या मंडळ्यांत ह्या कामाविरुद्ध तीन आक्षेप ऐकूं येतात. त्यांचा प्रामाणिकपणें विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, हे क्लब धर्मसंस्था नव्हेत. त्यांत सर्व धर्मांचे लोक आहेत. त्यांच्याबरोबर आम्हीं काम कां करावें? योहान प्रेषितानेंही एकदां असेंच विचारिलें होतें. कोणी परका प्रभूच्या नांवानें भुतें काढीत होता. तो आपल्यापैकीं नाहीं म्हणून शिष्यांनीं त्याला मना केलें. प्रभूनें शिष्यांसच थांबविलें, आणि जो आपल्याविरुद्ध नाहीं तो आपल्या बाजूचा आहे असें शिकविलें (मार्क ९:३८-४०). आणि चोरांच्या हातीं सांपडलेल्या मनुष्याच्या दाखल्यांत आपल्या शास्त्राचे जाणते दोघे पुढें निघून गेले, थांबला तो शोमरोनी. तालुक्याच्या गांवचा दुकानदार आपल्या मुलाला चाकाची खुर्ची देण्यास थांबला, तर आपण त्याची प्रार्थनेची रीत कोणती हें विचारीत उभें राहावें काय?

दुसरा आक्षेप असा कीं, आधीं भाकर, मग औषध, आणि खेळ उरल्या वेळीं. पण तो उरला वेळ कधीं येत नाहीं. मूल ओट्यावर मोठें होतें, ओट्यावरच म्हातारें होतें. १९८९ सालच्या बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रीय करारांत खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांतही करमणूक व क्रीडा ह्यांविषयीं स्वतंत्र कलमें आहेत. राज्याचा कायदा ज्याला हक्क म्हणतो त्याला ख्रिस्ताच्या मंडळीनें चैन म्हणावें, हें लाजिरवाणें आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो मोठ्यानें बोलला जात नाहीं. लोक कुजबुजतात कीं, आईबापांनीं कांहीं पाप केलें असेल, म्हणून असें मूल झालें. प्रिय जनहो, हा प्रश्न शिष्यांनीं जन्मांध मनुष्याविषयीं प्रभूस प्रत्यक्ष विचारिला, आणि प्रभूनें स्पष्ट सांगितलें कीं ह्यानेंही पाप केलें नाहीं व ह्याच्या आईबापांनींही केलें नाहीं (योहान ९:१-३). इतकें स्पष्ट उत्तर मिळाल्यावरही ही कुजबूज ज्या मंडळींत चालते ती मंडळी कोणाचें ऐकते? पोलिओ पाप पाहून येत नाहीं. तो घाणेऱ्या पाण्यावाटे व न धुतलेल्या हातांवाटे पसरतो, आणि लसीनें थांबतो. रोटरीनें १९८५ सालीं जगांतून पोलिओ घालविण्याचें काम पतकरिलें. सरकार, वैद्य व असंख्य परिचारिका ह्यांनीं दारोदार जाऊन मुलांच्या तोंडांत लसीचे थेंब घातले. भारतांत २००९ सालीं ७४१ मुलें ह्या रोगानें पछाडलीं होतीं. जानेवारी २०११ नंतर येथें नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रोगी आढळला नाहीं. आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. पाप कारण असतें तर दोन थेंबांनीं तें कसें गेलें असतें?

येथें मला आम्हां उपदेशकांचा दोषही सांगितला पाहिजे. आम्हीं अशा मुलांच्या घरीं जातों, बरें होण्यासाठीं प्रार्थना करितों, आणि निघतों. मूल बरें झालें नाहीं म्हणजे पुढच्या खेपेस आमची नजर चुकवून आम्हीं त्या घरापुढून जातों. जणूं बरें होणें ही मंडळींत येण्याची फी होती, आणि त्या मुलानें ती भरली नाहीं! मीं स्वतः कित्येक वर्षें असें केलें. तुला काय खेळावयास आवडेल, हा प्रश्न मीं एकाही मुलास विचारिला नव्हता.

तसाच एक दोष क्लबांच्याही वाट्यास येतो, आणि तो आपण त्यांच्यापासून घेऊं नये. वर्षांतून एक दिवस मांडव घालावयाचा, पाहुण्यांच्या गळ्यांत हार घालावयाचे, मुलांना रांगेंत बसवून खाऊ वांटावयाचा, छायाचित्र काढावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व विसरावयाचें. अशा दिवशीं मूल खेळाडू नसतें, तें देखावा असतें. अमेरिकेंतही अपंग मुलांचीं केविलवाणीं चित्रें दाखवून वर्गणी गोळा करण्याची रीति पुष्कळ वर्षें चालली. पुढें त्याच मुलांतून मोठ्या झालेल्या माणसांनीं तिला हरकत घेतली. त्यांचें म्हणणें खरें होतें. कींव दाखविणारा वर उभा असतो. खेळणारा समोर असतो.

मग आपल्या लहान मंडळीनें काय करावें? उपदेशकांनीं व वडिलांनीं पुढील गोष्टी मनांत धराव्या.

पहिली गोष्ट शोधण्याची. २०११ सालच्या जनगणनेप्रमाणें भारतांत अपंग व्यक्ति २ कोटि ६८ लाख होत्या, आणि त्यांतील दहांपैकीं सुमारें सात खेड्यांत राहत होत्या. म्हणजे आपलें गांव ह्यांतून सुटलेलें नाहीं. घरोघरीं जा, आणि जीं मुलें उपासनेंत दिसत नाहींत त्यांचीं नांवें लिहा. ख्रिस्ती घरांपुरतेंच थांबूं नका. ज्यांस सरकारी दाखला मिळालेला नाहीं त्यांच्या आईबापांबरोबर जिल्ह्याच्या इस्पितळांत जा.

दुसरी गोष्ट, मुलाला बदलण्याची वाट न पाहतां खेळाचा नियम बदला. आंधळ्या मुलासाठीं चेंडूला घुंगरूं बांधा, किंवा तो वाजणाऱ्या कागदी पिशवींत गुंडाळा. धांवतांना त्याच्या व सोबत्याच्या हातांत एकाच दोरीचीं दोन टोकें द्या. बहिऱ्या मुलासाठीं शिटीऐवजीं रुमाल हालवा. ज्याला चालवत नाहीं त्यानें बसून लगोरी फोडावी, आणि त्याच्या वतीनें दुसऱ्यानें धांवावें. ज्याला हळू समजतें त्याला एका वेळीं एकच नियम सांगा, आणि त्याच्याच वयाचा सोबती द्या. ह्यांत खर्च किती? एक दोरी, एक रुमाल, चार घुंगरें.

तिसरी गोष्ट, तालुक्याच्या मंडळास पत्र लिहा, पण भीक मागूं नका. आम्हांस मदत करा, असें मोघम लिहूं नका. आमच्या पांच गांवांत अमुक इतकीं मुलें आहेत, त्यांपैकीं इतक्यांस चाकाच्या खुर्च्या पाहिजेत, शाळेच्या पायऱ्यांशेजारीं एक उतार बांधावयाचा आहे, मजुरी आम्हीं करूं, सिमेंट तुम्हीं द्या, महिन्यांतून एका शनिवारीं मुलांस मैदानावर नेण्यास मोटार पाहिजे, असें लिहा. त्यांच्यापाशीं गाडी आहे, डॉक्टर आहे, पैसा आहे. तुमच्यापाशीं मुलांचीं नांवें आहेत, आणि त्यांच्या आयांचा विश्वास आहे. ह्या दोहोंपैकीं एकाच कोपऱ्यावर खाट उचलत नाहीं.

चौथी गोष्ट आपल्या तरुणांविषयीं. रोटरीनें १९६२ सालीं शाळकरी मुलांसाठीं इंटरॅक्ट व १९६८ सालीं तरुणांसाठीं रोटरॅक्ट मंडळें काढिलीं. लायन्सचीं लिओ मंडळें १९५७ सालापासून आहेत. तरुणांस केवळ उपदेश ऐकावयास बसविलें तर ते जांभया देतात. खाटेचा कोपरा हातीं दिला तर ते छप्परावर चढतात. आपल्या तरुण संघास आठवड्यांतून एक सायंकाळ ह्या कामासाठीं द्या. वर्षाच्या एका जत्रेपेक्षां आठवड्याचा एक तास मुलास अधिक मोलाचा आहे, कारण सोबती तोच, जो पुन्हां येतो.

शेवटीं तिसऱ्या शास्त्रपाठाकडे वळूं. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पांच वर्षांचा होता. युद्धांत बाप पडल्याची वार्ता आली, दाई त्याला घेऊन पळाली, आणि तो पडून दोन्ही पायांनीं लंगडा झाला. तो दूर लो-दबार येथें परक्याच्या घरीं राहत होता. दावीद राजा झाल्यावर त्यानें विचारिलें कीं, योनाथानासाठीं मीं कृपा करावी असा शौलाच्या घराण्यांतील कोणी उरला आहे काय? त्यानें शोध केला, माणसें पाठवून त्याला आणविलें, आणि राजपुत्रांप्रमाणें आपल्या मेजावर नित्य बसविलें. अध्यायाचा शेवट नीट वाचा. मफीबोशेथ राजाच्या मेजावर जेवीत असे, असें तेथें सांगितलें आहे, आणि लागलेंच सांगितलें आहे कीं तो दोन्ही पायांनीं लंगडा होता. त्याचे पाय बरे झाले नाहींत. पण त्याची जागा पक्की झाली. कफर्णहूमांतील मनुष्य चालत घरीं गेला, आणि मफीबोशेथ लंगडाच राहिला. तरी दोघांवर कृपा एकच. बरें करणें देवाच्या हातीं आहे. जागा करणें आपल्या हातीं आहे.

तेव्हां येत्या रविवारीं उपासना आटोपल्यावर लगेच घरीं जाऊं नका. त्या ओट्यापाशीं थांबा. त्या मुलाच्या शेजारीं बसा, आणि त्याला विचारा कीं, बाळा, तुला काय खेळावयाचें आहे? मग इतर मुलांस हाक मारा. धुळींतला चौकोन थोडा निराळा आंखावा लागेल, नियम थोडा बदलावा लागेल, आणि वहाणा राखावयास दुसरा कोणी तरी शोधावा लागेल. तेवढें झालें म्हणजे जखऱ्यानें पाहिलेल्या चौकाचा एक कोपरा आपल्या गांवीं उतरला असें समजा.

हे देवबापा, जीं मुलें आम्हीं दाराआड ठेविलीं त्यांबद्दल आम्हांस क्षमा कर. ज्यांचे हात आमच्या मंडळीबाहेर तुझें काम करितात त्यांस आशीर्वाद दे, आणि त्यांच्याबरोबर खाट धरावयास आम्हांस नम्र कर. आमच्या चौकांत काठी व खेळ दोन्ही एकत्र नांदोत. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.